धारेच्या वेळचा फोन

कौसाबाई गेली हे मला मोबाइलच्या स्टेटसनं सांगितलं, माणसानं नाही. त्या दिवशी मी वडवणीच्या बाजारात गेलतो. दोन बोकडं विकायची होती, गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं आणि मी त्याच्या सात पिढ्या उद्धरत होतो. तेवढ्यात शेजारच्या गावचा एक ओळखीचा माणूस गर्दीतून आला, मला बघून थबकला आणि खिशातला मोबाइल काढून माझ्या तोंडापुढं धरला. "आबा, ह्या तुमच्याच घरच्या न्हवं?" बघतो तर माझ्या बायकोचा फोटो. भोवती पणत्या, खाली गुलाबाची फुलं, आणि वर मोठ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी चौथी शिकलेला माणूस. जोडाक्षर वाचायला मला वेळ लागतो. 'भावपूर्ण' वाचून झालं तरी डोक्यात शिरलं नव्हतं... सकाळी तिनं बांधून दिलेली भाकरी अजून माझ्या पिशवीत होती, फडकं सोडलंसुद्धा नव्हतं.

ती गोठ्यात पडली होती. बायांनी उचलून ओसरीत आणली, डॉक्टर आला, मान हलवून गेला. तोवर गावातला एक उत्साही माणूस फोटो चढवून मोकळा. मला फोन करायचं कुणालाच सुचलं नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं केला असेल. ते स्टेटस बाजारात पोचलं, केजला तिच्या माहेरी पोचलं, पार इटलीत माझ्या पोराच्या हातात पोचलं. फक्त ज्याची बायको गेली त्याच्याकडं पोचायला तेवढा वेळ लागला. घरी आलो तर सगळे म्हणायला लागले, "आबा, सावरा स्वतःला." म्हणलं, सावरायला आधी पडू तर द्या.

दहाव्यानंतर पेपरात छापून आलं. 'अशिक्षित असूनही अस्खलित इटालियन बोलणारी आजी हरपली.' चार ओळी, त्यात तीन खोट्या. तिचं वय चुकलेलं, आमच्या गावाचं नाव चुकलेलं, आणि अस्खलित तर ती कधीच बोलत नव्हती. तोडकंमोडकं बोलायची. एक शब्द तिथला, दोन हातवारे, आणि अडलं की सरळ आपली मराठी. पण जेवढं तिला पाहिजे होतं तेवढं येत होतं. जेव. ये इकडं. दुखतं का. भिऊ नको. झोप आता. एवढं बोलता आलं म्हणजे माणसाचं नातवंड माणसाचं राहतं. आणि ते 'असूनही' मला फार लागलं. अशिक्षित असूनही. जसं काही तिनं परवानगी न घेता कुणाच्या तरी मालकीची वस्तू उचलली. म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. शुद्धलेखन तुम्ही बघा, मजकूर बदलू नका.

आमचं घर जित्राबाचं. बापाच्या बापापासून म्हशी, शेळ्या, थोडी कोरडवाहू जमीन. दत्ता आमचा एकुलता एक. माजलगावला दूध संकलनावर कामाला होता, तिथं त्याला एक पंजाबी ड्रायव्हर भेटला. त्या ड्रायव्हरचा मेहुणा इटलीत होता. दत्ता म्हणाला, मी पण जातो. म्हणलं, काम काय हाय? म्हणाला, गोठ्यात. मी म्हणलं, "शेणच ओढायचं हाय तर आपलं काय वाईट हाय बे?" तर हसून म्हणतो, "आबा, तिथं शेण मशीन ओढती." गेला. चांगलं काम केलं, ते मी नाकारत नाही. तिथंच गोठ्याच्या हापिसात काम करणारी पोरगी होती एलेना, तिच्याशी लग्न केलं. आम्हाला लग्न मोबाइलवर दाखवलं. कौसाबाईनं इकडं मोबाइलच्या काचेवर अक्षता टाकल्या. मग नात झाली. नाव ठेवलं मीरा, तिथं पण चालतं आणि इथं पण चालतं म्हणून. नाव दोन्हीकडं चालेल एवढी काळजी घेतली पोरानं. पोरगी दोन्हीकडं चालेल का, तेवढा विचार केला नाही.

पहिल्यांदा कौसाबाई इटलीला गेली ती सुनेच्या बाळंतपणाला. माझ्याच्यानं जाणं शक्य नव्हतं, म्हशी कुणावर टाकायच्या? ती एकटी गेली, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, खारीक, ओवा आणि धुरी द्यायला गोवऱ्या घेऊन. गोवऱ्या विमानतळावर काढून घेतल्या, त्याचा राग तिला शेवटपर्यंत होता. तिथं गेल्यावर पुढचा ताप. एलेना चार दिवसांची बाळंतीण, लेकराला बाबागाडीत घालून थंडीत फिरायला निघाली. कौसाबाई दारात आडवी उभी. काय बोलणार? तोंडात शब्दच नाही. दत्ता कामावर. एलेना तिच्या भाषेत समजावते, ही हिच्या भाषेत ओरडते, आणि मधी लेकरू झोपलंय. संध्याकाळी दत्ता आला तर म्हणतो, "माय, इथं असंच असतं. तू बस गप." ते 'बस गप' ती गळ्यात अडकल्यासारखं घेऊन परत आली. मुक्काम संपेपर्यंत ती त्या घरात मुक्या जनावरासारखी राहिली होती. आल्या आल्या पाणी पिऊन मला म्हणाली, "अवं, म्हैस सुदा हंबरून सांगती काय पायजे ते. मला तेवढं बी येईना." आणि म्हणाली, "आता बोलाया येईल तवाच जाईन."

मला वाटलं, चार दिवसांचं आहे. पण ती बाई चार दिवसांची नव्हतीच कधी. पुढं एलेना कामावर जायला लागली आणि मीराला खालच्या मजल्यावरची म्हातारी सांभाळायला लागली. तेरेसा तिचं नाव. नवरा मेलेला, पोरं लांब. आमच्या इथली संध्याकाळची धार काढायची वेळ म्हणजे तिथं दुपारी जेवायची वेळ. दत्तानं एकदा तेरेसाच्या मोबाइलवरून फोन लावून दिला आणि मग ते रोजचंच झालं. कौसाबाई गोठ्यात तिच्या पाटावर बसायची, समोर दुधाच्या किटलीला मोबाइल टेकवून ठेवायची. तिकडं तेरेसा मीराला भरवायची, इकडं ही म्हशीच्या कासेला हात घालायची. तेरेसा चमचा दाखवून त्याचं नाव सांगायची. ही ते नाव धारेच्या तालावर घोळवायची. मग ही किटली दाखवायची, दावं दाखवायची, वैरण दाखवायची आणि आपली नावं सांगायची. तेरेसाला 'दावं' म्हणता यायचं पण 'वैरण' काही येईना. दोन्ही म्हाताऱ्या हसून बेजार. मी कडब्याची पेंढी घेऊन मागं उभा. म्हणायचो, "अगं, दूध उतू चाललंय बघ किटलीतून." तर म्हणायची, "जाऊ द्या. शिकू द्या मला."

असं वर्षानुवर्षं. शाळा नाही, पुस्तक नाही, मास्तर नाही. त्या मीराला बोलायला शिकवता शिकवता तेरेसानं हिला पण त्याच ताटात बसवलं. नात आणि आजी एकदम बोलायला लागल्या म्हणा ना. त्यामुळं कौसाबाईचं इटालियन लेकरासारखं होतं. मोठ्या माणसाचं, हापिसातलं, सरकारी तिला काहीच येत नव्हतं. आणि रीतभात पण तशीच चुकत चुकत शिकली. दत्तानं एकदा मीराला तपासायला आलेले डॉक्टर फोनवर दाखवले तर ही त्यांना 'चाव' म्हणाली. तेरेसानं मागून डोळे वटारले. चाव म्हणजे आपल्या बरोबरीच्या माणसाला, घरच्याला. परक्या मोठ्या माणसाला तसं म्हणत नाहीत. मला लगेच कळलं. म्हणलं, आपण मास्तरला 'काय बे' म्हणतो का? तसंच. आणि तिला त्यांची एक गोष्ट लई आवडायची. कुणाच्या घरात पाय टाकताना, दार उघडं असलं तरी, 'पेरमेस्सो' म्हणायचं. येऊ का, म्हणून. ती मला म्हणायची, "बगा, त्यांच्यात दार उघडं असून बी इचारत्यात. आपल्याकडं मानसं सरळ चुलीपाशी." तेव्हापासून ती आमच्या गोठ्यात शिरतानासुद्धा म्हशीला पेरमेस्सो म्हणायची. म्हैस काही हरकत घ्यायची नाही.

गावानं तिचा तमाशा केला. कुणाच्या बारशाला गेली, लग्नाला गेली की चार जण गोळा. "काकू, म्हशीला काय म्हणत्यात तिकडं?" ती म्हणायची, "बुफाला." सगळे हसायचे. "काकू, अजून एक." जसं काही ती पोपट आहे. इथल्या एका पुढाऱ्यानं तर तिला कार्यक्रमाला स्टेजवर चढवलं, हातात माईक दिला, म्हणाला, बोला काहीतरी इटालियनमधी, आपल्या तालुक्याची शान तुम्ही. ती बोलली. टाळ्यांचा कडकडाट. फेटा बांधला, फोटो काढला. घरी आल्यावर मी विचारलं, काय बोललीस एवढं? म्हणाली, "म्हणलं, चुलीवर दूध ठिवून आलेय, आता सोडा मला." मी त्या दिवशी जेवढं हसलो तेवढं पुन्हा हसलो नाही. तोच फोटो, तोच फेटा, मेल्यावर स्टेटसला होता. पुढाऱ्यानं सांत्वनाला येऊन माझ्या पुढ्यात बसून सांगितलं, काय सुंदर बोलल्या होत्या त्या, अंगावर काटा आला होता. म्हणलं, हो साहेब, माझ्या पण आला होता.

आता शेवंतीचं सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहिलं.

मीरा चार-पाच वर्षांची असताना कौसाबाई दुसऱ्यांदा गेली. दिवाळीच्या आसपासचे दिवस होते. आता तिला बोलता येत होतं, त्यामुळं गेल्या गेल्या घर तिनं हातात घेतलं. तेरेसा चुलीवर मक्याच्या पिठाचं काहीतरी घाटत होती ते बघून ती म्हणाली, हा तर आपला घाटाच की, आणि तिच्या हातातला दांडा घेऊन स्वतः ढवळायला लागली. सगळं मला धारेच्या वेळी कळायचं, कारण आता मोबाइल उलटा फिरला होता, मी गोठ्यात आणि ती तिकडच्या स्वयंपाकघरात. तर तेव्हा तेरेसा आजारी पडली. छातीत कफ, अंथरुणाला खिळलेली. कौसाबाई मीराचा हात धरून बाजारात गेली तर काय बघते... सगळा बाजार शेवंतीनं भरलेला. पिवळी, पांढरी, जांभळी, कुंड्याच्या कुंड्या. तिला वाटलं, बघा, ह्यांच्यात पण दिवाळीला शेवंतीच लागते. आपल्याकडं देवाला शेवंती, वेणीला शेवंती, नव्या गाडीला शेवंती. एवढा आनंद झाला तिला की पिवळ्या शेवंतीची मोठी कुंडी उचलून आणली आणि आजारी तेरेसाच्या उशाशी नेऊन ठेवली. बरी हो म्हणून.

तेरेसा बघतच राहिली. मीरा पण बघतच राहिली, कारण शाळेतल्या लेकरालासुद्धा तिथं माहीत असतं. त्या देशात शेवंती फक्त मेलेल्यासाठी. त्या दिवसांत सगळे आपापल्या माणसाच्या कबरीवर शेवंती ठेवायला जातात, म्हणून बाजार भरलेला. जित्या माणसाच्या घरात कुणी ती नेत नाही, आजाऱ्याच्या उशाशी तर नाहीच नाही. कौसाबाईला काही समजेना. मग तेरेसा अंथरुणात उठून बसली, फुलांकडं बोट केलं, स्वतःच्या छातीकडं बोट केलं आणि म्हणाली, "नोन आंकोरा!" म्हणजे, अजून नाही! आणि खोकत खोकत अशी हसली की मीरा पाणी आणायला धावली. कौसाबाईनं तोंडाला पदर लावला. मला सांगताना तिचा जीव शरमेनं अर्धा झाला होता. "अवं, जित्या मानसाला मी मसनातली फुलं दिली." मी म्हणलं, "मग काय म्हणाली ती?" म्हणाली, "हसली हो. म्हणली अजून न्हाई."

दोन दिवसांनी तेरेसाला बरं वाटलं. तिनं तीच कुंडी उचलली, एका हाताला मीरा, दुसऱ्या हाताला कौसाबाई, आणि आपल्या नवऱ्याच्या कबरीवर घेऊन गेली. तिथं गर्दी, लेकरंबाळं, म्हातारे, सगळे फुलं घेऊन. मीरानं स्वतःच्या हातानं कुंडी ठेवली. तेरेसानं तिला दगडावरचा फोटो दाखवला, नाव वाचून दाखवलं, कसा मेला ते सांगितलं. कौसाबाई मला म्हणाली, "लेकरू भ्यालं न्हाई. इचारत होतं, ऐकत होतं." हे तुम्ही ध्यानात ठेवा. मी पण ठेवलं होतं.

परत आल्यावर तिनं आमच्या गोठ्याच्या दारात तेलाच्या जुन्या डब्यात शेवंती लावली. आणि मग आजी-नातीचा खेळ सुरू झाला. हिवाळ्यात फुलं आली की ती एक फूल केसात खोवून पाटावर बसायची, मोबाइल लावायची, आणि मीरा तिकडून किंचाळायची, "नोन आंकोरा, नोन्ना! नोन आंकोरा!" नोन्ना म्हणजे आजी. ही मुद्दाम अजून एक फूल खोवायची. तिकडं पोरगी टेबलाखाली लोळायची हसून. मला सगळं इटालियन ऐकून ऐकून पाच-सहा शब्दांपलीकडं कधी आलं नाही, येऊ पण दिलं नाही. एका घरात एक परदेशी बास. पण 'नोन आंकोरा' मला झोपेतसुद्धा कळलं असतं.

ती गेली तेव्हा शेवंतीला नुकत्या कळ्या धरल्या होत्या.

दत्ता येऊ शकला नाही. त्यानं माती मोबाइलवर बघितली. त्याबद्दल मी काही बोलत नाही, लांबचा पल्ला आहे, आम्ही पण थांबलो नाही. राखसुद्धा सिंदफणा नदीत सोडली तेव्हा तो फोनवरच होता, रडत होता. मी त्याला म्हणलं, रड. पण त्यानंतर त्यानं जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. "आबा, मीराला सांगितलं न्हाई आमी. तुमी पण फोनवर काही बोलू नका. ती नोन्नाच्या लई जवळ हाय. शाळा चालू हाय. नंतर सांगू."

"मंग काय सांगितलंस तिला?"

"नोन्नाचा मोबाइल बिघडलाय म्हणून."

मोबाइल बिघडलाय! तेरेसाला पण त्यांनी गप्प बसायला लावलं होतं. आणि तो बिघडलेला मोबाइल माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. रोज धारेच्या वेळी तो वाजायचा. फोन नाही, आवाजी निरोप. पोरगी तेरेसाचा मोबाइल घेऊन बोलत असणार. मी दाबून ऐकायचो. लांबलचक काहीतरी, शाळेतलं असेल, मांजराचं असेल, मला काय कळतंय. पण शेवटी दर वेळी एकच. "नोन्ना, दोवे सेई?" दोवे मला माहीत होतं. कौसाबाई शेळी हरवली की गोठाभर 'दोवे, दोवे' करत फिरायची. कुठं, कुठं. म्हणजे पोरगी विचारत होती, आजी, कुठं आहेस तू?

मोबाइल बिघडला तर माणूस दुरुस्त करतो. दोन दिवस, चार दिवस. त्यानंतर पण आजी बोलत नाही म्हणजे काय समजायचं लेकरानं? आजीला बोलायचंच नाही. आजी विसरली. जी बाई पिकल्या केसांनी लेकराच्या ताटात बसून बोलायला शिकली, तिच्या नावावर ही बेइमानी? मी दत्ताला फोन लावला. म्हणलं, आज सांग तिला.

"आबा, इथं लहान लेकरांना असं सांगत न्हाईत."

"तिथं, का तुझ्या घरात?"

"तुमाला इथलं माहीत न्हाई, आबा."

"मला न्हाई माहीत. तुझ्या मायला माहीत होतं. मीरानं तेरेसाच्या नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठिवलीत, तवा तू कुठं होतास?"

तो म्हणाला, "मला न्हाई जमणार आबा, तिच्या तोंडाकडं बघून सांगायला." हे मात्र खरं बोलला. मी म्हणलं, "तुला जमत न्हाई म्हणून पोरीला खोटं? कावून? बाळंतपणात मायला गप बसवलंस, आता मेल्यावर पण गप बसवतोस?" त्यानं फोन ठेवला. मी ठेवला नसता.

इथं लोक मला शहाणपण शिकवत होते. जाऊ द्या आबा, लेकरू लहान आहे, कळेल मोठं झाल्यावर. परक्या देशात आहे, काय करायचंय. एक जण तर म्हणाला, बरंच झालं, हळूहळू विसरून जाईल. मी त्याला चहा दिला नाही. उठून जा म्हणलं.

मग शेवंती फुलली. एका सकाळी बघितलं तर डबा पिवळा झाला होता. तिच्याशिवाय फुलायची हिंमत कशी झाली, असं वाटलं, उपटून टाकणार होतो... हात घातला होता. पण एकच फूल तोडलं. संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवलं. धारेच्या वेळी भिंतीवरचा तिचा फोटो काढला, हार काढला, गोठ्यात नेला आणि ती बसायची त्या पाटावर उभा केला. फोटोपुढं ते फूल ठेवलं. किटली होती तिथंच ठेवली, तिला मोबाइल टेकवला, तोंड पाटाकडं. तेरेसाच्या तोंडाचं चित्र दाबलं की फोन लागतो एवढं मी बघून बघून शिकलो होतो.

तेरेसानं उचलला. मला बघितलं आणि तिचे डोळे भरले. "काऊसा," म्हणाली. तिला आमचं 'कौसा' तसंच म्हणता यायचं. मग तिनं पाट बघितला, फूल बघितलं. मला वाटलं, ही आता फोन बंद करणार, दत्तानं बजावलंय तिला. तिनं डोळे पुसले. मग मागं वळून तिनं हाक मारली, "मीरा."

पोरगी धावत आली. तोंडाला काहीतरी लागलेलं, जेवत होती. "नोन्ना!" म्हणाली, आणि थांबली. काचेला तोंड चिकटवून बघायला लागली. फोटो. फूल. केसात न खोवलेलं फूल. मी बाजूला उकिडवा बसलेला, माझ्याकडं बघितलं. मग एवढ्याशा आवाजात विचारलं, हसणं नाही, किंचाळणं नाही.

"नोन आंकोरा?"

अजून नाही ना?

मला त्यांच्या भाषेत 'हो' म्हणता येतं, 'नाही' म्हणता येतं. ते पण तोंडातून निघेना. मी मान आडवी हलवली. लेकराला एवढं कळतं. जगात कुठल्याही लेकराला कळतं. ती मागं फिरली आणि तेरेसाच्या पोटात तोंड खुपसून रडायला लागली. तेरेसानं तिला धरलं, पण फोन बंद केला नाही. मी पण केला नाही. म्हैस तटतटलेली होती, हंबरायला लागली. दुसरं काय करणार होतो? किटली जवळ ओढली, मोबाइल पेंढीला टेकवला आणि पाटावर फोटो होता म्हणून खाली मातीत बसून धार काढायला लागलो. हुंदके देत देत पोरगी बघत होती. धार किटलीत पडायला लागली तसं तिचं रडणं जरा मंदावलं. तो आवाज ती पाळण्यात होती तेव्हापासून ऐकत आली आहे.

दत्ताचा लगेच फोन आला. "आबा, कावून केलंत असं?" मी म्हणलं, "तुझ्या मायनं जे शिकवलं तेच केलं. तुला राग आला असंल तर ये इथं, समोर बस, मला बोल." अजून पण आमचं नीट बोलणं नाही. एलेनानं मात्र निरोप पाठवला, दत्तानंच मराठी करून सांगितला, पडलेल्या आवाजात. म्हणाली, मीरा काल पहिल्यांदा तेरेसाला आजीच्या गोष्टी सांगत होती, थांबतच नव्हती.

काही दिवसांनी धारेच्या वेळी फोन वाजला. मीरा होती. छातीशी शेवंतीची कुंडी धरलेली, पिवळीच. मला दाखवून विचारते, "दोवे?" कुठं? मला कळलं काय विचारतेय. तेरेसाच्या नवऱ्याला दगड आहे, त्यावर नाव आहे, तिथं कुंडी ठेवता येते. आजीची कबर कुठं आहे? आता मी काय सांगू त्या लेकराला, राख झाली, सिंदफणेनं नेली, आमच्यात मेलेल्याला जागा ठेवत नाहीत. मी उठलो, मोबाइल हातात घेतला आणि गोठा दाखवला. पाट दाखवला. म्हणलं, "हितं. तुझी आजी हितं बसायची." मराठीतच बोललो. तिनं मान डोलावली. कुंडी घेऊन गेली आणि तेरेसाच्या स्वयंपाकघरात, मोबाइल टेकवायच्या जागी, टेबलावर ठेवली. आता रोज फोन लागला की त्या शेवंतीच्या आडून तिचं तोंड दिसतं.

सगळे म्हणतात, आता पाट उचलून ठेवा, फोटो घरात लावा, गोठ्यात बरं दिसत नाही. दिसत नाही तर बघू नका. फोटो मी घरात नेला, पाट उचलणार नाही. रोज संध्याकाळी त्याच्यावर एक फूल ठेवतो आणि मी मातीत बसतो. आणि ही म्हैस, कौसाबाईनं हातानं पाळलेली, मी किटली घेऊन वळलो की मान लांब करून रोज ते फूल खाते. मी तिला आईवरून शिव्या देतो. मग डब्यापाशी जातो आणि दुसरं तोडून आणतो.